आधी सशाच्या मागे काय आहे ते बघा, मग रायफल ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत, अलेक्झांड्राजवळ दहा एकरांचा ब्लॉक घेतलाय. चेरीची रोपं आणि थोडे द्राक्षवेल लावलेत, आणि ससे रोपांच्या साली सोलतायत. शेजारी म्हणतो .१७ एचएमआर रायफल घे (हे आकडे म्हणजे गोळीची इंचांतली साधारण जाडी). दुकानदार म्हणतो .२२३ घ्या, पुढेमागे बकरी आणि हरीणही होईल. ऑकलंडचा तुमचा मेहुणा म्हणतो साधी .२२ बास. आणि अगदी शेवटी एक ओळ: मारलेले ससे खाता येतात का?

मी या भागात अठरा वर्षं सशांची कामं घेतोय. सुरुवातीला मेरिनो मेंढ्यांच्या मोठ्या स्टेशनांवर, म्हणजे अवाढव्य मेंढीशेतांवर होतो, आता बहुतेक द्राक्षमळे आणि तुमच्यासारखे छोटे ब्लॉक. शेजारी आणि मेहुणा आपापल्या जमिनीपुरते बरोबर आहेत. दुकानदाराला जमीनच नाही, त्यामुळे त्याचं कुठेही बरोबर.

दहा एकर म्हणजे चार हेक्टर. चौकोनी धरला तर दोनशे मीटर लांब, दोनशे मीटर रुंद. त्यात घर, शेड, पाण्याची टाकी, गाडीरस्ता. मधोमध उभे राहिलात तरी चारी कुंपणं शंभर मीटरवर, आणि कुंपणापलीकडे कुणाची तरी पोरं ट्रॅम्पोलिनवर. आता .२२ च्या काडतुसांच्या डबीवर काय छापलेलं असतं ते वाचा: पल्ला दीड मैल. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. हा सगळ्यात गरीब दिसणाऱ्या काडतुसाचा पल्ला.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ रिकाम्या हातानं ब्लॉकभर फिरा. ऊन कललं की ससे बाहेर पडतात. जिथे ससा दिसेल तिथे थांबा आणि सशाकडे नाही, त्याच्या मागे बघा. मऊ मातीचा चढ असेल, बांध असेल, तर ती जागा मारायची. सपाट कडक जमीन, खडक, आभाळ, शेड किंवा शेजाऱ्याची मेंढरं असतील तर ती जागा कायमची बाद, मग तिथे ससा कितीही ऐटीत बसलेला असो. हे एका कागदावर काढा. माझ्या अनुभवात अशा ब्लॉकवर मारायच्या जागा चार-पाचच निघतात आणि त्या सगळ्या तीस ते सत्तर मीटरच्या आत असतात. तो कागदच तुमचं काडतूस ठरवतो.

त्याच फेरीत लेंड्याही बघून घ्या. इथे सशांचं प्रमाण मोजायला सुधारित मॅकलीन मोजपट्टी वापरतात, १ ते ८. ओटागो प्रादेशिक कौन्सिलच्या नियमानुसार जमीनधारकानं ससे ३ किंवा त्याखाली ठेवायचे असतात. ३ म्हणजे एखाददुसरा ससा दिसतो आणि लेंड्यांचे ढीग सरासरी दहा मीटर किंवा त्याहून लांब लांब आहेत. ढीग पाच ते दहा मीटरवर आले की तुम्ही ४ वर गेलात, आणि मग एकट्या रायफलीचं ते काम राहत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

मागे काय आहे हे मी एवढं का घोकतोय, ते सांगतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, जुलैच्या एका सकाळी, पॅडकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कुरणात, दव गोठून जमीन सिमेंटसारखी झाली होती. शिस्ट खडकाच्या एका सुळक्याच्या पायथ्याशी ससा बसला होता, जेमतेम पंचेचाळीस मीटरवर. हातात .२२, सबसॉनिक (आवाजाहून हळू जाणारं) काडतूस, मागे खडक. मला वाटलं खडक म्हणजे भिंतच. नेम किंचित खाली गेला. ससा पळाला आणि पाठोपाठ तो आवाज आला, घोंगावत लांब लांब जाणारा, मच्छर कानाजवळून जावा तसा पण जाड. मग घळीच्या पलीकडून पत्र्यावर टण्ण. शेजारच्या शेडच्या पन्हळी पत्र्याला पोचा पडला होता, भोक नव्हतं. मी तसाच चालत गेलो, त्यांना दाखवलं, माफी मागितली. म्हातारा रागावला नाही. शेडच्या आत त्याची बायको कोकरांना बाटलीनं दूध पाजत होती, एवढंच त्यानं बोट करून दाखवलं.

.२२ ची गोळी ही अशी. शिशाची, चाळीस ग्रेनची, संथ. ग्रेन हे माप आपल्या गुंजेच्या साधारण निम्मं, म्हणजे गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. वेग कमी असल्यामुळे ती कडक पृष्ठभागावर आपटून फुटत नाही, चपटी होऊन उसळते. छोटी म्हणून निरुपद्रवी, असं नवीन माणूस समजतो. उसळण्याच्या बाबतीत तीच सगळ्यात वाईट.

इथे एक शब्दांचा घोळ मिटवून टाकू. मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे पितळी टोपण, दारू आणि पुढची गोळी मिळून पूर्ण वस्तू. गोळी म्हणजे फक्त जी उडते ती. .२२ आणि .२२३ या दोन्हींच्या गोळीची जाडी जवळजवळ सारखीच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. फरक आहे मागच्या दारूत. .२२ ची सबसॉनिक गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात साधारण १३० ज्यूल असतात. .१७ एचएमआरमध्ये ३३० च्या आसपास. .२२३ मध्ये १७०० च्या वर. आकडा सारखा दिसतो म्हणून ‘थोडी मोठी .२२’ समजून .२२३ घेणारे दरवर्षी एक-दोन भेटतात.

तर मेहुणा बरोबर. तुमच्या जमिनीला .२२ लाँग रायफल, आणि तिच्यात सबसॉनिक पोकळ टोकाची काडतुसं. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय ते उगीच नाही. सबसॉनिक म्हणजे आवाजाच्या वेगाहून हळू, सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास. सायलेन्सर लावला की खटका पडल्याचा आणि गोळी सशाला लागल्याचा आवाज ऐकू येतो, बस्स. न्यूझीलंडमध्ये सायलेन्सरला वेगळा परवाना लागत नाही, तो तुमच्या कानांसाठी आणि शेजारधर्मासाठी आहे. आणि शेजारधर्म इथे कायद्यातही आहे: १९८३ च्या शस्त्र कायद्यात घराजवळ योग्य कारणाशिवाय बार काढून कुणाला घाबरवणं किंवा त्रास देणं हाही गुन्हा धरलाय. शिवाय आवाज नसला की एका जागेवरून तीन-चार ससे निघतात. पहिल्या बारानंतर बाकीचे कान टवकारतात आणि परत चरायला लागतात.

आवाजाबद्दलची एक गंमत इथल्या थंडीत कळते. फेब्रुवारीत पंचवीस अंशांना आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. जुलैत पहाटे उणे पाचला तो ३२८ वर येतो. डबीवर ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ लिहिलेली काडतुसं ३२६ ते ३३० च्या आसपास असतात. तीच डबी उन्हाळ्यात मुकाट चालते आणि हिवाळ्यात मधूनच एखादा बार चाबकासारखा कडाडतो. काडतुसांत काही बिघडलेलं नसतं. हिवाळ्यासाठी डबीवर सबसॉनिक असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. ‘हाय व्हेलॉसिटी’ तर ३७५ च्या पुढे, ती बारा महिने कडाडणार.

.२२ ची मर्यादा पल्ल्यात आहे, आणि ती माहीत असली की त्रास नाही. ५० मीटरवर नेम बांधा. मग ७५ मीटरवर गोळी चार बोटं खाली लागते, १०० मीटरवर वीतभर. सशाच्या डोक्यात मेंदूची जागा आवळ्याएवढी. म्हणजे ७५ मीटरवर अंतर ओळखण्यात दहा मीटरची चूक झाली तरी डोक्याऐवजी जबडा. जबडा फुटलेला ससा बिळात जातो आणि मरायला दोन-तीन दिवस घेतो. मी ६० च्या पुढे .२२ उचलत नाही. जवळ जातो किंवा सोडून देतो.

आता शेजाऱ्याचं .१७ एचएमआर. काडतूस नवीन आहे, हॉर्नडीनं २००२ मध्ये आणलं: १९५९ च्या .२२ मॅग्नमचंच टोपण, मान आवळून त्यात सतरा ग्रेनची इवलीशी गोळी. एक ग्रॅमच्या जरा वर वजन आणि वेग सेकंदाला ७७५ मीटरच्या आसपास. सरळ जाते, शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत हिशोब करावा लागत नाही, आणि आपटली की बहुधा भुगा होते, .२२ सारखी उसळत नाही. तुमच्या शेजाऱ्याचा ब्लॉक मला न बघताही दिसतो: टेकडीचा उतार असणार, ससे समोरच्या अंगावर शंभर मीटरवर बसत असणार, मागे भरपूर माती. त्याला .१७ च योग्य.

तुमच्याकडे तिचे तीन तोटे. एक, ती सबसॉनिक होऊच शकत नाही, सायलेन्सर लावूनही कडाका होतोच. दोन, वारा. अलेक्झांड्राच्या बाजूला दुपारी वायव्येचा वारा सुटला की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर त्या हलक्या गोळीला नऊ-दहा सेंटीमीटर ढकलतो. वेग बघून माणसाला वाटतं वाऱ्याचं हिला काय, आणि तिथेच फसतो. तीन, काडतूस .२२ च्या दुपटीहून महाग, त्यामुळे माणूस सराव करत नाही. आणि खायचं म्हणत असाल तर डोक्याशिवाय कुठेही लागली की उरलेलं कुत्र्याला. उसळत नाही या गुणावरही फार विसंबू नका. ‘बहुधा’ हा शब्द मी वर मुद्दाम घातलाय.

.२२ मॅग्नमचं थोडक्यात: ताकद आहे, पण आवाज मोठा आणि नेमकेपणात बहुतेक रायफलींत .१७ पुढे. पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला इथला उपद्रवी प्राणी) मारणारे काहीजण तिच्यावर जीव टाकतात. तुम्हाला नको.

.२२३ उत्तम काडतूस आहे, माझ्या यूटमध्ये, म्हणजे पिकअप गाडीत, ती रायफल कायम असते. पंचावन्न ग्रेनची गोळी, सेकंदाला हजार मीटरच्या जरा खाली. उंच टस्सॉक गवतात, जिथे डोळा जाईल तिथवर माणूस नाही, तिथे दोनशे मीटरवरच्या सशाला आणि रानबकऱ्यांना. दहा एकरांत तिच्यासाठी जागाच नाही. एका बाराला शेजारचे सहा ब्लॉक खिडकीत येतील. आणि तांबड्या हरणासाठी मी .२२३ कुणाला सुचवत नाही. नेम अचूक असला तर पडतं, पण नवख्याचा नेम अचूक नसतो. हरणाचा योग येईल तेव्हा त्यासाठी वेगळी, मोठी रायफल बघू. ‘एकाच रायफलीत ससा ते हरीण’ हे दुकानातच शक्य असतं. आणि .२२ नं बकरीवर बार काढू नका, अगदी जवळून सुद्धा. लोक काढतात. मग जखमी बकरी शोधायला मला फोन करतात.

हवेच्या दाबावरची, आपण जिला छऱ्याची बंदूक म्हणतो ती, तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या घराच्या मागच्या वाफ्यांसाठी ती विचारात घ्या. साधी स्प्रिंगची असेल तर अठरा वर्षांवरच्या माणसाला परवाना लागत नाही. पंचवीस मीटरच्या आत, डोक्यावर, ती पुरेशी आहे. सिलिंडरमधून हवा भरायची पीसीपी असेल तर मात्र पूर्ण परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता प्रत्यक्ष रायफल. बोल्टची घ्या, म्हणजे दर बारानंतर हातानं खिटी मागेपुढे करून पुढचं काडतूस भरायची. कायद्यानं .२२ रिमफायरमध्ये (टोपणाच्या बुडाच्या कडेवर घाव बसून उडणारी काडतुसं) दहा काडतुसांपर्यंत मॅगझिनची सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, २०१९ च्या बंदीनंतरही चालते, आणि रुगर १०/२२ सारखी १९६४ पासूनची रायफल इथे शेतोशेती आहे. वाईट नाही. पण सेमी-ऑटोत दुसरा बार फुकट वाटतो. रत्नागिरीकडे आमच्या घरी आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू, कापूस, छरे, परत कापूस, गज. दुसरा बार भरेपर्यंत रानडुक्कर दोन वाड्या पार. त्यामुळे आजोबा पहिल्याच बाराला जेवढा वेळ घेत तेवढा मी अजूनही घेत नाही. बोल्ट मागेपुढे करण्यात जो एक सेकंद जातो, त्यात माणूस मागे काय आहे ते पुन्हा बघतो. शिवाय संथ सबसॉनिक काडतुसांवर काही सेमी-ऑटो अडकतात, कारण यंत्रणा मागे ढकलायला जोर पुरत नाही.

नव्यात सीझेड ४५७ किंवा टिक्का टी१एक्स, दोन्ही निश्चिंत घ्याव्यात अशा. पण माझं म्हणणं, आधी जुनी बघा. इथल्या शेतांवर ब्रनो मॉडेल २ आणि तिची चिनी नक्कल नॉरिन्को जेडब्ल्यू-१५ या ढिगानं आहेत, म्हातारे शेतकरी शहरात राहायला गेले की त्या विक्रीला येतात. लाकडी दस्ता, जड नाही, नळी वर्षानुवर्षं टिकते, कारण .२२ ची मऊ शिशाची गोळी नळी झिजवतच नाही. नॉरिन्कोचा चाप रखरखीत असतो, पण निम्म्याहून कमी पैशांत काम होतं.

जुनी बघायला जाताना खिशात कान साफ करायच्या दोन कापसाच्या काड्या ठेवा. विकणाऱ्याकडून परवाना, ओळख वगैरे झालं की बोल्ट काढून घ्या, नळी उजेडाकडे धरून मागून आत बघा: पन्हळी चकचकीत दिसल्या पाहिजेत, काळे खड्डे नकोत. मग नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून कापूस गोल फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कडेला ओरखडा आहे, आणि गोळी शेवटची जिथून सुटते तिथलाच ओरखडा नेम बिघडवतो. सेफ्टी कुठल्या बाजूला ढकलल्यावर लागते हे हातानं करून बघा. सीझेड ४५२ सारख्या जुन्यांत ती बाकीच्यांच्या उलट चालते, ४५७ मध्ये बदलली. घरात एक जुनी आणि एक नवी असेल तर हा फरक महागात पडतो. सायलेन्सरसाठी नळीच्या तोंडावर आटे आहेत का ते बघा, आणि कुठले: इथे बहुतेक अर्धा इंच, वीस आट्यांचे; अमेरिकेतून आलेल्या कित्येकांवर अठ्ठावीसचे. चुकीचा सायलेन्सर पहिले दोन फेरे व्यवस्थित बसतो आणि मग आटे खाऊन टाकतो.

नळी सोळा इंचांची असली तरी पुरे. .२२ ची चिमूटभर दारू तेवढ्यात जळून संपते. लांब नळी द्राक्षाच्या ओळींत वळवताना तारांना अडकते, तेवढाच तिचा फरक.

पैसे वाचवायचे ते रायफलीवर वाचवा, दुर्बिणीवर नको. मात्र महाग म्हणजे योग्य असंही नाही. हरणाच्या रायफलीवरची मोठी दुर्बीण साधारण शंभर यार्डांवर जुळवलेली असते. ती .२२ वर चढवून तीस मीटरवर बघितलंत आणि डोळा जरा डावीकडे गेला, की क्रॉस सशावरून सरकलेला दिसतो. रायफल हललेली नसते, तुमचं डोकं हललेलं असतं. रिमफायरसाठीची म्हणून मिळते ती पन्नास यार्डांवर जुळवलेली असते, किंवा अंतर फिरवून जुळवायचं चाक असलेली घ्या. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी भरपूर झाली, आणि ससा मारताना ती चार-पाचवरच ठेवा. नऊवर ससा शोधेपर्यंत तो बिळात.

मग काडतुसं. सीसीआय, एली, विंचेस्टर, जी सबसॉनिक मिळतील त्यांची एकेक डबी घ्या, पाच-सहा प्रकार होतील. वारा नसलेली सकाळ बघा, ५० मीटरवर कागद लावा, पुढे वाळूची पिशवी. प्रत्येक प्रकारच्या आधी दोन-तीन बार वाया घालवा, कारण शिशावरचं मेण नळीत बसायला तेवढे लागतात. मग पाच बार एका ठिपक्यावर. एकाच रायफलीत एका डबीचे पाचही बार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात आणि दुसऱ्या डबीचे बशीभर पसरतात. कुठली डबी जुळेल हे रायफल बघून सांगता येत नाही, मलाही नाही. जी जुळली तिचा मोठा खोका घ्या, नेम त्यावर बांधा आणि मग डबी बदलू नका. माझा एक ओळखीचा माणूस स्वस्त मिळाली म्हणून दर महिन्याला वेगळी डबी आणायचा आणि दर महिन्याला दुर्बीण बिघडली म्हणायचा.

नळी सारखी घासू नका. .२२ ला शंभर-दोनशे बारांनंतर एखादा तेलाचा बोळा पुरतो. सायलेन्सर मात्र काम झालं की काढून ठेवा, नाहीतर ओल धरून नळीचं तोंड गंजतं. तो अधूनमधून उघडून आतलं शिसं खरवडा. वर्षभर न उघडलेला सायलेन्सर मी एकदा व्हाइसमध्ये धरून करवतीनं कापलाय.

द्राक्षात मारताना एक खास काळजी. वेलींच्या तारा दुर्बिणीत दिसत नाहीत, कारण तुमची नजर लांब जुळवलेली असते. गोळी तारेला चाटून गेली की कुठे जाईल ते सांगता येत नाही. ओळीच्या आडवं कधी मारायचं नाही, दोन ओळींच्या मधून सरळच, आणि टोकाला मातीचा चढ असेल तेव्हाच. ठिबकच्या नळ्यांना पडलेली भोकं वसंतात पाणी सोडल्यावर कळतात.

रात्रीचं. तुमच्या स्वतःच्या जमिनीवर दिवा घेऊन मारता येतं. संवर्धन खात्याच्या जमिनीवर साध्या शिकारपरवान्यात फक्त दिवसाउजेडी. दिव्यात चमकलेले डोळे म्हणजे ससा नव्हे. मांजराचे चमकतात, कोकराचे, साळिंदरासारख्या दिसणाऱ्या इथल्या हेजहॉगचेही. आजकाल लोक थर्मल दुर्बीण घेतात. ती ऊब दाखवते, पण त्या उबेमागचा दगड, तार किंवा टाकी दाखवत नाही. दिवसा काढलेला तो कागद रात्री जास्त लागतो. इथल्या शस्त्रसुरक्षेच्या सात नियमांत चौथा म्हणजे लक्ष्य निःशंक ओळखा आणि पाचवा म्हणजे गोळीची वाट तपासा. रात्री या दोन्हींत शंका आली की बोल्ट उघडायचा.

पॉसम झाडावर असतो, म्हणजे त्याच्या मागे आभाळ. त्याला रायफलीनं उडवायला जाऊ नका, आठवा तो दीड मैल. सापळा लावा, पण जिवंत पकडणारा सापळा रोज, सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत, तपासायची कायदेशीर सक्ती आहे. चुकून वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) दिसली तर मारायच्या मागे लागू नका, प्रादेशिक कौन्सिलला कळवा. ओटागोत त्या पसरू नयेत म्हणून ते एकेकीचा माग काढतात.

परवान्याचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, म्हणून सांगतो, सुरुवात तिथूनच होते आणि काही महिने जातात. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मुलाखत. वहिनींनाही वेगळं बसवून विचारतील, त्यांना आधी कल्पना द्या. घरी येऊन कपाट बघतात: पोलादी, भिंतीला बोल्टनं घट्ट, काडतुसं वेगळ्या कुलुपात. पहिला परवाना पाच वर्षांचा. रायफल घेतलीत की तीस दिवसांत नोंदवहीत तिची नोंद. हे सगळं कटकटीचं वाटेल, पण ख्राइस्टचर्चमध्ये मार्च २०१९ ला मशिदींत जो गोळीबार झाला त्यानंतर इथे कुणी त्यावर फार कुरकुरत नाही. आणि सुट्टीत गावी गेल्यावर इथल्या सवयीनं काही करू नका. तिकडे ससा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, आणि रानडुकराला सुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते.

आता, ससे कमी होतील का? एकट्या रायफलीनं नाही. एका मादीला वर्षात चाळीस-पन्नास पिल्लं होऊ शकतात. इथल्या शेतकऱ्यांनी १८७० च्या दशकापासून सगळं करून बघितलंय: १८७६ चा सशांविरुद्धचा कायदा, मग मुंगसाच्या चुलतभावासारखे स्टोट आणि फेरेट आणून सोडले (ते ससे सोडून इथले पक्षी खात सुटले), १९९७ मध्ये तर वैतागून चोरून सशांचा रोग आणला. ससे आहेतच. तुमच्या ब्लॉकला आधी जाळी हवी, बारीक भोकांची, आणि तळाची वीतभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर वाकवून पुरलेली, म्हणजे ससा जिथे उकरायला बसतो तिथे त्याच्या पायाखाली जाळीच येते. रोपांना नळकांडी. लेंड्या ४ च्या पुढे असतील तर पिंडोन या विषाचं आमिष, पण कुत्रा असेल तर जाणत्या माणसाकडूनच. आणि हे सगळं हिवाळ्यात, वीण सुरू व्हायच्या आधी. मग जे उरतात त्यांच्यासाठी रायफल. उलटं केलंत, म्हणजे ससे भरपूर असतानाच रोज दहा बार काढत बसलात, तर निम्मे चुकतील आणि उरलेले दिवा दिसताच पळणारे होतील. असे बिचकलेले ससे काढायला मग माझ्यासारख्याला बोलवावं लागतं आणि ते .२२ च्या खोक्याहून महाग पडतं.

खाण्याचं. खाता येतात, आणि चांगले लागतात, पण तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या जमिनीवर आमिष टाकलेलं नसेल तरच. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नाही. डोक्यात लागलेलाच घ्या, लगेच पोट साफ करा, काळीज-यकृत बघा. यकृतावर पांढरे ठिपके असले तर टाकून द्या. आमच्याकडे लहान सशाचं सुकं करतात, मालवणी मसाला, वाटपात खोबरं जरा जास्त भाजून, कारण मांसाला चरबी अजिबात नसते. मोठा नर मात्र वातड. त्याच्या मांड्या रात्रभर दह्यात ठेवायच्या आणि कुकरला पाच शिट्ट्या.